सुरगाठ मारा, निरगाठ नको

भेटवस्तू बांधायला घेतली की आधी एकच विचारायचं: हे वरचं आवरण उद्या सकाळी कुठे जाणार? कचऱ्याच्या डब्यात, असं उत्तर आलं तर ते आवरण बाजूला ठेवायचं आणि दुसरं शोधायचं. माझ्या सासूबाईंनी मला हे सांगितलं, त्यांना त्यांच्या आतेसासूबाईंनी, आणि आता दिवाळी तोंडावर आली आहे म्हणून मी तुम्हाला सांगते आहे. पुढचं सगळं या एका प्रश्नातूनच निघतं.

आमच्या लहानपणी शोभेचा कागद मिळत नव्हता असं नाही. पतंगी कागद, क्रेप, जिलेटिन हे सगळं रुखवत मांडताना वापरलं जायचं. रोजच्या देण्याघेण्यात मात्र त्याची कुणाला गरज वाटत नसे. शेजारी फराळाचं ताट जायचं ते क्रोशाच्या रुमालाने झाकून. ताट परत यायचं, रुमाल परत यायचा, आणि ताट रिकामं यायचं नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी त्यात असायची. लेकीकडे लाडवांचा डबा जायचा त्यावर नाव घातलेलं असायचं. स्टीलचं भांडं विकत घेतानाच दुकानदाराकडून नाव आणि तारीख कोरून घ्यायची ही आपली पद्धत किती शहाणपणाची आहे बघा. डबा चार घरं फिरला तरी आपल्या फळीवर परत येतो. गोव्यात नाताळात नेवऱ्या, दोदोल, कलकलांची तबकं शेजारीपाजारी पाठवतात, कोन्सुआद म्हणतात त्याला; तीही भरतकामाच्या नाहीतर क्रोशाच्या रुमालाखाली. आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर घ्या. मोडीतले हजारो कागद कापडी रुमालांत बांधून जपले गेले, इतके की त्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणायची रीत पडली. कापडात बांधणं ही आपली जुनी सवय आहे, ती फक्त पुन्हा हाताला लावायची आहे.

चकचकीत कागदाबद्दल माझं मत कडक आहे: तो विकत घेऊ नका. तावाला दहा-वीस रुपये पडतात, दहा घरी भेटी द्यायच्या म्हटल्या की त्या पैशांत किलोभर रवा-बेसन येतं, आणि भाऊबिजेच्या रात्री सगळा कागद फाटून केरात. त्यातला बराचसा कागद नसतोच, वर धातूचा मुलामा दिलेलं पातळ प्लास्टिक असतं. ओळखायची खूण सोपी आहे. मुठीत घट्ट चुरगळा आणि मूठ उघडा. चुरगळलेला तसाच राहिला तर तो कागद. आपसूक पसरायला लागला तर प्लास्टिक. आणि कागदावरच प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेला असेल किंवा चमकी चिकटवलेली असेल, तर रद्दीवालाही तो घेत नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायाबापड्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यांच्यासारख्या हजारो हातांना दिवाळीनंतरच्या ढिगातून विकण्याजोगा कागद निवडून काढावा लागतो. आपण मजेत फाडलेली चमकी कुणीतरी वाकून वेगळी करतं आणि तिचा एक पैसा त्याला मिळत नाही. हे कळल्यावर तो कागद माझ्याच्याने घेववत नाही. १ जुलै २०२२ पासून तर देशभर मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायच्या प्लास्टिकच्या पातळ आवरणालाही बंदी आहे. दुकानदाराने तसं खोकं दिलं तर ते काढून द्या म्हणून सांगा, संकोच करू नका.

आता कापड. सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत देखणं, आणि शिकायला एक दुपार पुरे.

जुनं सुती लुगडं किंवा साडी घ्या, जी नेसायला विरली पण काठाशी अजून धड आहे. कात्रीने कापायला जाऊ नका. काठाला छोटी खाच द्या आणि दोन्ही हातांनी फाडा. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्री मात्र हमखास तिरकी जाते. पाचवारी म्हणतात ती साडी आजकाल साडेपाच मीटरच्या आसपास असते. तिची रुंदी मधोमध फाडून दोन पट्टे केले आणि त्याच मापाचे चौकोन पाडले की सुमारे १८ रुमाल निघतात. कडा दुमडून हातशिलाई घाला, वेळ नसेल तर कोपऱ्यावरच्या पिकोवाल्याकडे द्या. काठ आधी वेगळा काढून ठेवलात तर त्याची फीत होते, आणि कुठल्याही बाजारच्या रिबिनीपेक्षा ती शोभून दिसते. जरीचा काठ असेल तर बघायलाच नको. धड पैठणीला किंवा नेसता येण्याजोग्या साडीला मात्र हात लावू नका. जे वस्त्र अजून नेसता येतं ते नेसावंच.

रुमाल किती मोठा हवा? खोक्याची रुंदी आणि उंची यांची बेरीज करा, त्यात गाठीसाठी वीतभर मिळवा. रुमालाच्या मध्यापासून टोकापर्यंत तेवढं अंतर हवं. खोकं २० सेंटीमीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असेल तर ७० सेंटीमीटरचा चौकोन नीट बसतो. म्हणजे ओटीत येणारा ब्लाउजपीस याला अगदी योग्य. प्रत्येक घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात अशा ब्लाउजपिसांची चळत असते, कुणाच्या ओटीतून आलेली आणि कुणाच्या ओटीत जायची वाट बघणारी. त्यातले चांगले काढा आणि भेटी बांधा. खण असेल तर फारच उत्तम. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हातमागावरचा खण बघितलात तर त्यात बांधलेल्या डब्याची शोभा मी वेगळी सांगायला नको. आणि ज्या घरी जाईल तिथे त्याची चोळी, परकर-पोलकं नाहीतर निदान पोथीचं वेष्टण होईल. पण एक ध्यानात ठेवा: निव्वळ भेटी गुंडाळण्यासाठी दुकानातून नवं कापड आणणं ही काटकसर नव्हे. त्या कापसामागे शेतकऱ्याचं पाणी, घाम, सगळं आहे. नवं घ्यायचं तर ते पुढे शिवलं जाईल, पुसायला किंवा नेसायला येईल असंच घ्या.

बांधायची रीत अशी. रुमाल तिरपा पसरा, म्हणजे एक टोक तुमच्याकडे येईल. वस्तू मधोमध. जवळचं टोक वस्तूवर आणून खाली खोचा, मग लांबचं टोक त्यावरून ओढून घ्या. उरलेली दोन्ही टोकं वर आणून गाठ मारा. पहिला वेढा डावं टोक उजव्यावरून, दुसरा वेढा उजवं टोक डाव्यावरून. दोन्ही वेळा एकाच हाताचं टोक वर आलं तर गाठ वाकडी बसते, वाटेत सैल होते नाहीतर आवळून जाते. नीट मारलेली गाठ सपाट बसते आणि एक टोक सरळ खेचलं की सुटते. दोरा किंवा फीत बांधताना दुसऱ्या वेढ्यात टोकाऐवजी फास घाला, ती झाली सुरगाठ. सासूबाई म्हणायच्या, देण्याच्या वस्तूला निरगाठ मारू नये. घेणाऱ्याला कात्री शोधायला लावणं हा त्याचा खोळंबा आहे, आणि कापलेला दोरा पुन्हा कामाला येत नाही.

काकवीची किंवा कोकम आगळाची बाटली द्यायची असेल तर बाटली रुमालाच्या मधोमध उभी करा, समोरासमोरची दोन टोकं बुचावर बांधा, उरलेली दोन मागून फिरवून पुढे आणा आणि पोटावर गाठ मारा. पुस्तकं, डबे, फुलदाणी, चादर, सगळं कापडात बांधता येतं. जपानात अशा रुमालाला फुरोशिकी म्हणतात. २००६ साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी जुन्या प्लास्टिक बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याचा फुरोशिकी लोकांपुढे आणला आणि पिशव्या कमी करा असं सांगितलं. जपानी माणसाला मंत्र्यांनी आठवण करून दिली, आपल्याला शिदोरीच्या गाठोड्याने करून द्यावी.

आणखी चांगलं म्हणजे आवरण हेच भेटीचा भाग व्हावं. बारशाला जाताना झबली-टोपडी दुपट्यात बांधा. म्हाताऱ्या माणसाला द्यायचं पुस्तक पंच्यात बांधा, नव्या संसाराला द्यायची भांडी सोलापुरी टॉवेलात. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण देतात ते ताम्हनात किंवा डब्यात ठेवून वर उपरणं पांघरलं तर वेगळं काही गुंडाळायलाच नको. बुरूड आळीतून परडी किंवा लहान दुरडी आणली तर तिच्यात पुढे कांदे-लसूण राहतात आणि बुरुडाच्या हाताला दोन पैसे मिळतात. त्या पैशांसाठी घासाघीस करू नये.

कापड नसेल तर कागद. आणि कागद म्हटलं की मला वाईच्या दुकानातली पुडी आठवते. मामंजींचं किराणा दुकान होतं. डाळ, साखर, चहा, हिंग, सगळं कागदाच्या पुडीत जायचं, वरून दोऱ्याचं रीळ टांगलेलं. चिकटपट्टी नाही, टाचणी नाही, तरी ती पुडी तीन मैलांवरच्या गावी जाईपर्यंत सुटायची नाही. ती घडी मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि आजही भेटीचं खोकं त्याच घडीने बांधते.

ताव आडवा पसरा, वस्तू मधोमध ठेवा. जवळची आणि लांबची कड वर आणून एकमेकींना भिडवा, दोन्ही मिळून बोटभर दुमडा, पुन्हा एकदा दुमडा, आणि ती दुहेरी घडी वस्तूवर सपाट दाबून बसवा. घडीवर चमच्याच्या दांड्याने एकदा जोर देऊन फिरवलं की ती धारदार होते. आता दोन्ही बाजूंची टोकं उरतात. त्यांचे कोपरे आत मुडपून त्रिकोण करा, पालथ्या बाजूला वळवा, आणि एका टोकाचा त्रिकोण दुसऱ्याच्या घडीत सारा. वैद्य चूर्णाची पुडी अशीच करतात. वर दोरा एकदा उभा, एकदा आडवा, खालच्या बाजूला अढी देऊन वर सुरगाठ. खोकं मोठं असेल आणि टोकं एकमेकांपर्यंत पोहोचत नसतील तर दोऱ्यानेच ती धरून ठेवायची. चिकटपट्टी लागतच नाही, आणि ती नसली की कागद फाटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

मिठाईच्या चौकोनी खोक्याला कागद कमी लागावा म्हणून एक माप सांगते. झाकणाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजा, त्यात उंचीच्या दीडपट मिळवा. तेवढ्या बाजूचा चौरस कापा आणि खोकं त्यावर तिरपं ठेवा. चारही टोकं बरोबर वर मधोमध येऊन भेटतात. २० सेंटीमीटर बाजूच्या, ५ सेंटीमीटर उंच खोक्याला ३६ सेंटीमीटरचा चौरस पुरतो. सरळ गुंडाळलं तर याहून जास्त कागद जातो, आणि बाजूच्या जाड घड्यांनी खोकं फुगीर दिसतं ते वेगळंच.

कुठला कागद? घरात बघा. जूनमध्ये वह्यापुस्तकांना कव्हर घालून उरलेला खाकी कागद पहिला. बँकांची आणि दुकानदारांची मोठी कॅलेंडरं येतात, एका बाजूला कोरी, त्यांचा कागद जाड आणि टणक असतो. महिना संपला की पान फाडून गुंडाळून ठेवा. मुलांची जुनी चित्रं, शिवणाच्या मासिकातले बेतण्याचे तक्ते, जुने नकाशे, यांतून निघालेली भेट लोक उलगडून वाचत बसतात. कोडी सोडवणाऱ्या काकांना द्यायचं पुस्तक शब्दकोड्याच्या पानात बांधा. पण वर्तमानपत्रात खायचं काही बांधू नका. छपाईच्या शाईत अंगाला अपायकारक द्रव्यं असतात, तेलकट-गरम पदार्थाला ती लगेच लागतात. अन्नाच्या बांधणीसाठी वर्तमानपत्र वापरायचं नाही, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांतच म्हटलं आहे. पुस्तक, भांडं, खेळणं यांना वर्तमानपत्र चालेल.

कागद विकत घ्यायचीच वेळ आली तर हातकागद घ्या. कापडाच्या चिंध्या आणि कातरणं कुटून तो करतात, झाड तोडावं लागत नाही. आपल्याकडे ही कला फार जुनी आहे. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं हाताने कागद होत आला, आणि पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. हा कागद घडीला थोडा हट्टी असतो, म्हणून लहान वस्तूंसाठी किंवा पाकिटांसाठी वापरा.

चिकटवायचं काही असेल तर खळ करा. दोन चमचे मैदा गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पारदर्शक आणि दाट झाली की उतरवा. चिमूटभर तुरटी घातली तर दोन-तीन दिवस टिकते. पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, भेटीच्या कागदाला आणि विशेषतः खाऊच्या खोक्याला ती खळ कधीही लावू नका.

फराळाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण इथे नुसत्या उत्साहाने काम बिघडतं. चकली, शेव, चिवडा, कडबोळी यांना हवा लागली की मऊ पडतात. कापडात नाहीतर कागदात थेट बांधलेली चकली दुसऱ्या दिवशी कुणी तोंडात घालणार नाही. म्हणून ती आधी घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत जाते, आणि बरणीला रुमाल. मुरंबा, जॅम, कॉफीच्या बरण्या वर्षभर साठवा. कोमट पाण्यात तासभर बुडवल्या की वरचा कागद सुटतो; जो चिकटा राहतो त्यावर गोडं तेल आणि खायचा सोडा मिसळून चोळा, निघून जातो. लोणच्याच्या बरणीचा वास जात नसेल तर सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी झाकण आणि बरणी वेगवेगळी उन्हात. आतून थेंबभर पाणी राहिलं तर लाडवांना बुरशी येते, तेव्हा वाळण्याची घाई करू नका. बेसनाचे लाडू, करंज्या, अनारसे हे डब्यात थरांमध्ये साधा कोरा कागद घालून रचले की मोडत नाहीत.

ताजा पदार्थ असेल आणि त्याच दिवशी खायचा असेल, पातोळ्या किंवा खरवस, तर केळीचं पान उत्तम. पान आचेवरून हलकेच फिरवा, रंग गडद झाला की ते लवचीक होतं आणि घडीवर फाटत नाही. बांधायला केळीचं सोपट. कोकणात पोफळीच्या विऱ्या पडतात त्या पाण्यात भिजवल्या की मऊ होतात, हवा तसा आकार देऊन वाळवल्या की त्याचंच तबक होतं. हे सगळं शेवटी खतात जातं, म्हणून मला ते फार आवडतं.

सजावटीला फार काही नको. कापड किंवा कागद स्वच्छ आणि घडी टोकदार असेल तर एक फूलही पुरतं. झेंडू, शेवंती लावायची तर निघायच्या वेळी लावा. सकाळचं फूल संध्याकाळी माना टाकतं. पिंपळाचं पान महिनाभर पाण्यात ठेवून, पाणी बदलत, कुजलेला गर हळूच धुऊन काढला की नाजूक जाळी उरते. ती खाकी कागदावर लावून बघा. किनाऱ्यावर सुरूची बोंडं मिळतात, तीही छान. गुंजा मात्र वापरू नका. लाल-काळ्या, मोहक दिसतात हे खरं, पण फुटलेली गुंज पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं, आणि भेट ज्या घरी जाते तिथे रांगतं मूल आहे की नाही हे आपल्याला नेहमी ठाऊक नसतं.

मुलांना हाताशी घ्यायचं असेल तर ठसे करायला द्या. भेंडी आडवी कापली की फूल उमटतं, कारलं कापलं की कातरलेली कड. रंगाला गेरू, थोड्या खळीत कालवलेला, म्हणजे वाळल्यावर हाताला लागत नाही. आणि एक गंमत शिकवा. पांढरा कागद हळदीच्या पाण्यातून काढून वाळवा. त्यावर चुन्याच्या निवळीत काडी बुडवून चित्र काढलं की पिवळ्यावर लाल रेघ उमटते. हळदीतला रंग चुन्यासारख्या पदार्थाने लाल होतो, पारंपरिक कुंकू याच गुणावर बनतं. हा लाल रंग दिवसागणिक फिका होतो, तेव्हा आदल्या दिवशीच काढा, आणि निवळी डोळ्यांत जाणार नाही हे मोठ्या माणसाने बघा.

नावाच्या चिठ्ठीसाठी जुन्या लग्नपत्रिका आहेतच. कोरी बाजू कापा, कोपऱ्यात भोक पाडा, दोरा ओवा. पत्रिकेवर गणपतीचं चित्र असेल तर ते टाकवत नाही, म्हणून आपण पत्रिका वर्षानुवर्षं साठवतो. ते चित्र कापून खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवा, पायदळी येणार नाही. आहेराची पाकिटं अलगद उलगडा, आतली कोरी बाजू बाहेर काढून पुन्हा चिकटवा. आमच्या वेळी कचेरीतसुद्धा आलेली पाकिटं अशी उलटून वापरत.

परगावी पाठवायचं असेल तर मांजरपाट घ्या. खोकं त्यात घट्ट बसेल असं शिवा, टाके जवळजवळ, पत्ता कापडावरच शाईने. मुंबईच्या जीपीओबाहेर पार्सलं अशी शिवून, लाखेचं सील लावून देणारी माणसं बसायची. आतली पोकळी भरायला थर्माकोल नको, चुरगळलेली रद्दी किंवा जुने मऊ कपडे भरा, म्हणजे तिथल्या लेकराला पायपुसणं तरी होईल. देशात पाठवताना हापूसच्या पेटीतला पेंढाही चालतो. परदेशी पाठवताना पेंढा, वाळकी पानं, फुलं घालू नका, तिकडचे कस्टमवाले अशा गोष्टी अडवतात आणि सगळा फराळ अडकून पडतो.

आता मनातली शंका बोलते, कारण ती तुमच्याही मनात आहे. जुन्या साडीत बांधलेलं दिलं तर लोक काय म्हणतील? लोक काय म्हणतात हे पुष्कळसं आपल्या नीटनेटकेपणावर असतं. रुमाल धुतलेला, खळ दिलेला, कडक इस्त्रीचा हवा. डाग असेल तर तो तुकडा भेटीला वापरायचाच नाही. जुना कागद पालथा घालून, वर सुती कापड ठेवून, मंद इस्त्रीने सरळ करा. पाण्याची वाफ नको. चमकीचा कागद असेल तर इस्त्री लावू नका, वितळून तव्याला चिकटतो. मळकं, चुरगळलेलं आवरण काटकसरीच्या नावाखाली देऊ नये, त्यात घेणाऱ्याचा मान राहत नाही. आणि आत एक ओळ लिहून ठेवा: रुमाल आईच्या साडीचा आहे, तुम्ही तो पुढे कुणाला भेट बांधायला वापरा. एवढं वाचल्यावर तो रुमाल कुणी टाकत नाही.

कापड, दोरे, कागद ठेवायला एक पत्र्याचा डबा आजच ठरवा. दोरे बोटाला गुंडाळून त्यांची लडी करून ठेवा, नाहीतर ऐनवेळी गुंता सोडवण्यात संध्याकाळ जाते. डब्यात कडुनिंबाची वाळकी पानं टाका, कसर लागणार नाही. आणि वसुबारसेच्या आधी एका दुपारी घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा. घडी घालायचं काम मुलग्यांनाही द्या, त्यांचे हात काही वेगळे नसतात. मामंजी दिवसभरात शेकडो पुड्या बांधायचे. या वर्षी सगळ्या भेटी जमल्या नाहीत तरी भाऊबिजेची एक भेट तरी कापडात बांधाच, आणि शेवटची गाठ घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला मारू द्या. सहा-सात वर्षांचं मूल सुरगाठ सहज शिकतं.